खांबाच्या अलीकडे

ताईचा भाऊ भर शर्यतीत एकदाच उभा राहिला आणि तेवढ्यानं घर बसलं.

तो जॉकी होता. रेसकोर्सच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात दोन खांब लागतात. पहिला नुसता अंतर दाखवायचा, दुसरा जिंकण्याचा. घोड्याच्या मानेवर वाकलेल्या माणसाला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून ओझरते दिसतात, म्हणून जॉकी ते मनातल्या मनात मोजतात. मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत, हा सगळ्यांच्या पुढे, आणि हा पठ्ठ्या पहिल्याच खांबापाशी रिकिबीत उभा राहिला! लगाम सैल सोडला, एक हात वर केला, स्टँडकडे बघून हसलासुद्धा. तेवढ्यात मागचे दोन घोडे त्याच्या बाजूनं निघून गेले आणि खऱ्या खांबापलीकडे पोचले. निम्म्या स्टँडनं त्याच घोड्यावर पैसे लावलेले. लोकांनी बूट फेकले, बाटल्या फेकल्या, आणि फेकायचं काही उरलं नाही तेव्हा नाव ठेवलं: उभेराव.

ताईचं दुकान रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. जॉकींचे रेशमी सदरे शिवायचे हा तिचा धंदा. प्रत्येक तबेल्याचे रंग ठरलेले असतात. कुणाचे हिरव्यावर पिवळे चौकोन, कुणाचे निळ्यावर पांढरे पट्टे. ते सगळे रंग ताईच्या हातून गेलेले. भावानं दिवे लावले त्याच संध्याकाळी त्या घोड्याच्या मालकाची माणसं दुकानात आली आणि टेबलावर कापून ठेवलेलं कापड गोळा करून घेऊन गेली. एका सदऱ्याची नुसती बाही जोडायची राहिली होती, ती जोडूही दिली नाही. मग बाकीचे तबेलेही एकेक करून गळाले. एकानं तोंड फिरवलं की दुसऱ्याला कारण लागत नाही.

भाऊ दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. उजाडलं की जिन्यानं उतरून तबेल्यात जायचा आणि घोडे फिरवून आणायचा. घोडे फिरवणं म्हणजे दुसऱ्याची पोरं सांभाळणं. शर्यतीत बसायला कुणी देत नव्हतं. तबेल्याच्या ट्रेनरनं त्याला एवढंच सांगितलं होतं, "लोक विसरले की देतो तुला घोडा. आत्ता बसवला तर मालक मला फाडून खातील." त्या एका वाक्यावर तो जगत होता. ताईशी बोलायचा नाही. ताईही त्याला चहा गाळून ठेवायची आणि कप इतक्या जोरात आपटायची की चहा बशीत यायचा.

मशिन गंजू द्यायचं नाही म्हणून ताईनं हिशेब मांडला. घोड्यावर बसणारे मूठभर, बघणारे हजारो. बसणाऱ्यांनी हाकललं ना? मग बघणाऱ्यांसाठी शिवू. रेसच्या शौकिनांसाठी खास कपडे: सॅटिनची जाकिटं, चौकोन, पट्टे, चांदण्या, घोड्यावर न बसताही घोड्यावरचा रुबाब. गेटासमोर तिनं टेबल मांडलं, दोरीवर जाकिटं टांगली आणि आरसा लावला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आला तो टोपीवाला. उन्हात, सावलीत, जिंकला, हरला तरी टोपी न काढणारा जुना शौकीन. त्यानं जाकीट चढवलं, आरशात पाहिलं आणि पाहतच राहिला. पाठीवर हे भलंमोठं कुबड, आणि बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "सोबत घोडा पण देणार का?"

लोक खो खो हसले. ताईला घामच फुटला. आयुष्यभर तिनं वाकलेली माणसं शिवली होती. जॉकी पुढे झुकतो म्हणून त्याची पाठ लांब कापायची, तो हात पुढे ताणतो म्हणून बाही वाढीव ठेवायची, हे तिच्या कात्रीत इतकं मुरलेलं की सरळ उभ्या माणसाला पाठ वेगळी असते हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सगळा माल परत उसवावा लागला. उसवताना तिनं भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्या आपल्याच आहेत हे आठवून आणखी चिडली.

नव्यानं कापलेली जाकिटं अंगावर बसली, पण खपली नाहीत. लोक हात लावून बघायचे आणि विचारायचे, "हे रंग कुणाचे? यानं काय जिंकलंय?" कुणाचेच नव्हते, तबेल्यांचे रंग वापरायची तिला परवानगी नव्हती. शेवटी टोपीवाल्यानंच तोंड उघडलं.

"बाई, शौकिनाला पाठीवर गोष्ट लागते. तुमच्या घरात गोष्ट आहे की. उभेराव काढा. उद्या रांग लागते की नाही बघा."

ताईला वाईट वाटलं का? वाटलं. रक्ताचं माणूस होतं ते. पण वाईट वाटण्याच्या आधी राग आला होता, आणि तो घर करून बसला होता. तिला ती बाही आठवली. तिनं भरतकामवाल्याला गाठलं, मशिनवर चित्र बसवून घेतलं: एक खांब, त्याच्या अलीकडे घोडा, घोड्यावर ताठ उभा जॉकी, एक हात वर. खाली एक अक्षर नाही. गरजच नव्हती.

जाकिटं हातोहात गेली. लोक ती घालून स्टँडच्या पायऱ्यांवर ताठ उभे राहायचे, हात वर करायचे आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. जे विसरत आले होते त्यांना आठवलं, आणि ज्यांना मुळात माहीतच नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी रंगवून सांगितलं. ताईनं दोन बायका कामाला ठेवल्या. गल्लीतली माणसं, जी तिला बघून पलीकडून जायची, ती आता दारात थांबून "चाललंय ना छान?" असं विचारू लागली. चालत्या गाडीचे सगळेच सोबती.

भावाला कळलं ते तबेल्यात. घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या पाठीवर त्यानं स्वतःला पाहिलं. तो तसाच दुकानात आला, दोरीवरचं एक जाकीट ओढलं आणि ताईसमोर धरलं.

"हे तू शिवलंस?"

"शिलाई बघ. दुसरं कोण शिवतं असं?"

"ताई, लोक विसरायला लागले होते."

"मी नव्हते विसरले."

"मला घोडा मिळणार होता गं! ट्रेनर कालच म्हणाला, अजून थोडं थांब."

"आणि मला काय मिळणार होतं? माझ्या टेबलावरचं कापड उचलून नेलं त्यांनी. ह्या हातातली बाही काढून घेतली. तू वर दार लावून झोपला होतास."

"झोपलो नव्हतो."

"मग खाली यायचं होतंस. एक शब्द बोलायचा होतास. चूक माझी, हिला कशाला शिक्षा, एवढं तरी."

त्यानं जाकीट मुठीत चुरगळलं. मग म्हणाला, "हे बंद कर."

"तू खांब ओळखायला शीक. मग बंद करते."

कामावरच्या दोघी बायका मशिनमध्ये तोंड खुपसून बसल्या. त्यानं जाकिटाच्या दोन्ही बाह्या धरून फाडायचा जोर केला. शिवण हलेना. मनगटं लाल झाली तरी हलेना. ताईला तेवढ्यातही आपल्या शिलाईचा अभिमान वाटला, आणि तो तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसला. त्यानं जाकीट तिच्या पायाशी टाकलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो चहालाही खाली येईना.

मग एके सकाळी ट्रेनर स्वतः दुकानात आला. ताईला वाटलं, आता भांडण. पण गडी हसत होता.

"कुठाय आमचा हिरो? मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत बसवतोय त्याला. मालकच म्हणाला, उभेरावला बसवा. त्याला बघायला लोक कुठून कुठून येतील. घोडाही चांगला दिलाय, उगाच नाही."

भाऊ जिन्यात उभा राहून ऐकत होता. आपल्याला कशासाठी बोलावतायत हे न कळायला तो दूधखुळा नव्हता. पण जॉकीला घोडा नको म्हणता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "बसतो."

ट्रेनर गेल्यावर ताई म्हणाली, "माझ्यामुळे मिळाला. ध्यानात ठेव."

"ठेवीन."

"सदरा आणशील तो दाखव. ते नवीन शिंपी पाठ आखूड कापतात, वाकलास की वर चढेल. नीट करून देते."

"हात लावायचा नाही," तो म्हणाला, आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

शर्यतीच्या दिवशी गेट उघडायच्या आधीच ताईचं टेबल रिकामं झालं. तिनंही धंद्यासाठी एक जाकीट अंगावर चढवलं होतं, तेवढंच उरलं. मग ती स्टँडमध्ये जाऊन बसली. चहूकडे पाठीच पाठी, आणि प्रत्येक पाठीवर तिचा भाऊ.

घोडे सुटले. वळणावर तो तिसरा होता. सरळ पट्ट्याला लागताना त्यानं घोडा बाहेरून काढला आणि बघता बघता पुढे आला. पहिला खांब जवळ आला तसं अख्खं स्टँड उठलं. ताठ उभं राहून सगळ्यांनी एक हात वर केला आणि एका आवाजात ओरडले, "उभा राहा! उभा राहा!"

कुणी ठरवलं होतं, कोण जाणे. ताईला एवढंच कळलं की हे आपण शिवलंय. "वाक!" ती ओरडली. "वाकून राहा रे, उठू नकोस!" शेजारच्याला वाटलं, बाईनं पैसे लावलेत.

तो उठला नाही. उलट घोड्याच्या मानेत आणखी शिरला. दुसरा खांब आला, गेला, आणि त्याच्या घोड्याचं नाक सगळ्यांच्या आधी गेलं. स्पष्ट. लहान मुलालाही दिसलं असतं. स्टँडमधले वर केलेले हात एकेक करून खाली आले, आणि कुणीतरी चक्क टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ताई रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

बाकीच्या जॉकींनी लगाम ओढले. हा थांबला नाही. तसाच वाकलेला, तसाच घोड्याला रेटत पुढच्या वळणावर गेला, चाबूक चालूच. लोक हसले. तो वळण घेऊन पलीकडच्या बाजूला पोचला तरी थांबेना तेव्हा हसू विरलं. शेवटी घोडेस्वार पाठवून त्याचा लगाम धरावा लागला.

नियम असा की शर्यत संपली की जॉकीनं खोगीर घेऊन काट्यावर उभं राहून वजन द्यायचं. वजन दिलं नाही तर जिंकलेलं धरत नाहीत. ताईला शोधत ट्रेनर धावत आला. "चल, तू चल लवकर. तो ऐकत नाहीये कुणाचं."

वजनाच्या खोलीत भाऊ बाकावर बसला होता. खोगीर मांडीवर, पाठीला पोक, बोटं अजून लगाम धरल्यासारखी आवळलेली. काट्यापाशी वजनवाला उभा होता. "अहो, जिंकलात तुम्ही, या ना," तो परत परत म्हणत होता. भाऊ त्याच्याकडे बघतही नव्हता.

ताई त्याच्यापुढे खाली बसली. कित्येक महिन्यांनी तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खांब गेला का?" त्यानं विचारलं.

"गेला रे. कधीच गेला. पहिला आलास तू. मी बघितलं माझ्या डोळ्यांनी. ऊठ, वजन दे."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या अंगातल्या जाकिटाकडे पाहिलं.

"तू ऊठ म्हणतेस," तो म्हणाला, "म्हणजे नसेल गेला."

ताईनं जाकीट काढून टाकलं, त्याचे हात धरून ओढले, शपथा घातल्या, शेवटी पाया पडली. तो बाकावरून हलला नाही. वजनवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं, ट्रेनरकडे पाहिलं, आणि दुसऱ्या आलेल्या जॉकीला काट्यावर बोलावलं.