छबुबाईसाठी मारलेलं पाणी

“छबुबाई, तुझा दमा ध्यानात ठिवून पाणी मारून घेतलं बघ,” चेअरमन मोहनराव म्हणाले. “आता धूळ न्हाई, काई न्हाई. उपट बिनघोर.”

टँकरचा ड्रायव्हर बंकट पाइप धरून दूध सोसायटीच्या आवारातल्या गाजरगवताला अंघोळ घालत होता. कुंपणाबाहेर घाटनांदूरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ती अंघोळ बघत होत्या. सत्त्याऐंशी सालच्या त्या दुष्काळात हिरवं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. जनावर त्याला तोंड लावत नसे, त्यामुळे त्याची प्रकृती सोसायटीपेक्षा उत्तम होती. पण दुपारी वार्षिक सभा होती आणि त्याआधी ते निघायला हवं होतं.

छबुबाई सोसायटीची झाडूवाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. फुलातला परागाचा कण मोठा असतो, बहुतेक नाकातच अडकतो, शिंकेवर भागतं. भिजला की मात्र तो फुटतो. आतली बारीक भुकटी वाऱ्यावर चढते आणि छातीत पार खालच्या नळ्यांपर्यंत उतरते. ओल्या गवताजवळ जायचं नाही.

“साहेब, कोरडंच बरं व्हतं,” ती हळूच म्हणाली.

“अगं, संचालक मंडळानं ठराव केलाय तुझ्यापायी. एकमतानं.”

मोहनराव मनापासून बोलत होते, हीच अडचण होती.

तिची शेजारीण रहिमाबी कुंपणाशी आली. “कावून ऐकती गं? न्हाई म्हन की सरळ.”

“कोन्या तोंडानं म्हनू? तुमचं प्यायचं पानी माझ्या नावावर सांडलंय.”

नाकाला पदर बांधून ती वाकली. उन्हानं पानं सुकू लागली, वारा सुटला. निम्मं आवार झालं तेव्हा तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आत सभा सुरू झाली होती आणि मोहनराव पर्जन्यमानावर बोलत होते. पर्जन्यमान गैरहजर होतं. सोसायटीची जीप उशीर झालेल्या पाहुण्यांना आणायला गेलेली.

छबुबाई मटकन खाली बसली. रहिमाबीनं धावत येऊन तिची पाठ आपल्या छातीशी टेकवून धरली. “बंकट, टँकर काढ. अंबाजोगाईला न्यायचं हिला.”

“अजून निम्मा भरलाय टँकर, घाटात पळायचा न्हाई, भाबी. आदी रिता करतो.”

त्यानं तोटी सोडली. पाणी धो धो मातीत जाऊ लागलं. छबुबाईला बोलवत नव्हतं. तिनं हात उचलून कुंपणाकडे, घागरींकडे दाखवलं.

“येडी हायस का तू? जाऊ दे ते पानी,” रहिमाबी म्हणाली.

हात खाली येईना. बंकटनं तिच्याकडे पाहिलं आणि तोटी निम्मी बंद केली.

बायका आत आल्या. एरवी टँकरवर एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका त्या दिवशी रांगेत उभ्या राहिल्या. कुणी पुढं घुसलं नाही, कुणी घागर विसळलीसुद्धा नाही. एक भरली की दुसरी लागत होती, आणि छबुबाईचे खांदे वर-खाली होत होते.

शेवटची घागर भरली. बंकटनं इंजिन चालू केलं.

रहिमाबीच्या हाताखालचे खांदे तोवर हलायचे थांबले होते. भरल्या घागरी ओळीनं तशाच राहिल्या. कुणी उचलेना.