रविवारचा कागद

“रविवारचा कागदच चुकलाय. काढून टाका तो!” अकरावीतला उंच मुलगा म्हणाला, आणि परीक्षानळ्या विसळणाऱ्या मावशींचा हात नळाखाली तसाच थांबला.

रविवारचा कागद त्यांचा होता.

एका संशोधन केंद्राने शाळेला दिलेलं काम दोन आठवडे चाललं होतं. सकाळी अकराला गच्चीवर दुर्बीण लावायची, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची आणि तिच्यातले डाग पेन्सिलीने गिरवायचे. डाग रोज थोडे सरकत. त्यावरून सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते काढायचं. सुट्टीच्या दिवशी कोण येणार म्हणताच मुलं एकमेकांकडे बघू लागली, तेव्हा प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशीच म्हणाल्या होत्या, “मी काढते. रोज बघतेच आहे की.”

आता गणित जुळत नव्हतं. मधल्या पट्ट्यातला डाग भराभर पुढे गेला होता, वरचा रेंगाळला होता. एकाच गोळ्यावरचे दोन डाग वेगवेगळ्या चालीने कसे जातील?

“मावशी, रागावू नका हं,” चष्मेवाली मुलगी म्हणाली, “पण वरचा डाग एवढासा पुढे सरकवला ना, की सगळं बरोबर येतं.” तिने खोडरबर उचललंसुद्धा.

तीस वर्षं मावशी हेच पाहत आल्या होत्या. आधी पुस्तकातलं उत्तर, मग त्याला साजेशा प्रयोगाच्या नोंदी. कधी चकार शब्द काढला नव्हता. आज मात्र पदराला हात पुसत त्या टेबलापाशी आल्या.

“खोडायचं नाही. तीनतीनदा बघून काढलाय मी. माझा नको असेल तर बाजूला ठेवा. पण तुमचे तरी जुळतात का, ते बघा.”

उंच मुलाने बाकीचे कागद ओळीने मांडले. पट्टी लावली. पुन्हा लावली. मग त्याचा आवाज खाली आला.

“इथेही वरचा मागेच पडतोय. रोज थोडा थोडा.”

“मग सूर्यच तसा फिरत असेल,” मावशी म्हणाल्या. “बादलीतलं पाणी ढवळलं तर सगळं कुठे एका चालीने फिरतं?”

“सूर्य म्हणजे काय पाणी आहे?”

“दगड तरी आहे का?”

चष्मेवालीने खोडरबर खाली ठेवलं.

विज्ञानाचे सर आले. त्यांनी सगळे कागद पाहिले. रविवारचा जरा जास्तच वेळ. “बरोबर आहे. वायूचा गोळा तो. मध्यावर जलद, ध्रुवांकडे संथ. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू, तुमच्या हाताला लागतंय का.”

मुलांनी एकच गिल्ला केला. तो ओसरल्यावर मावशींनी विचारलं, “आणि आत हो, सर? खोल आतही असाच फिरतो?”

सर घुटमळले. “ते मलाही नीट माहीत नाही, मावशी.”

का कोण जाणे, मावशींना फार बरं वाटलं.

घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून पळाली. कागदांवर अगदी खाली आणखी एक पुसट डाग होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मावशींनी मुलांचं एक स्टूल ओढलं. त्यावर त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. बसल्या, पट्टी घेतली आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लागल्या.