आतून लावलेली कडी

रत्नपाल अप्पांनी दाराबाहेर लोखंडी खुर्ची टाकली आणि काठीनं कोंबड्या हाकलल्या. आत त्यांची लेक पंचशीला लॅपटॉप उघडून बसली होती. चार वाजता जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेची मुलाखत होती. पीएचडीनंतरच्या दोन वर्षांत पोस्टडॉकसाठी तिनं एकेचाळीस अर्ज केले होते. मुलाखतीपर्यंत हा एकच पोचला होता.

"अप्पा, कुणाला आत सोडू नका. मागं शिवय्याकाका गुडघा दाखवायला शिरले होते."

"गावात तूच एक डॉक्टर. कामून येणार न्हाईत?" अप्पा हसले. "आज कलेक्टर आला तरी सोडत न्हाई बघ."

"तुम्ही बी दार वाजवायचं न्हाई. काय बी झालं तरी."

"न्हाई वाजवत, माय." त्यांनी छातीवरून मूठ फिरवली, ढेकर दिला. "सकाळची भजी नडायलीत."

सहा वर्षं उंदरांच्या हृदयांवर काम केलेल्या पंचशीलानं घड्याळ पाहिलं आणि कडी लावली.

प्राध्यापकांनी तिच्या प्रबंधाविषयी विचारलं. रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाच्या पेशी किती वेळ तग धरतात, हे ती आलेख दाखवून सांगू लागली. पहिली वीस मिनिटं महत्त्वाची. नंतर मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

दार वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, हळू.

प्राध्यापक थांबले. दारावर कोणी आहे का, त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," ती इंग्रजीत म्हणाली आणि पुढचा आलेख उघडला.

मुलाखत पंचवीस मिनिटं जास्त चालली. तिनं कडी काढली तेव्हा अप्पांची हनुवटी छातीवर टेकली होती. काठी उंबऱ्याला लागून पडली होती.

अप्पांच्या जलदान विधीच्या सकाळी ईमेल आला. निवड झाली होती. तिच्या भावानं, बुद्धरत्ननं, तो मांडवात वाचून दाखवला. माणसांनी माना डोलावल्या.

"काय इचारलं गं त्यांनी?" शिवय्याकाका म्हणाले.

"हृदयाचं."

कमलबाई आत्यानं माइक घेतला. "माझ्या भावानं पाणी मागितलं न्हाई, आवाज केला न्हाई. लेकीचं काम मोडू नये म्हणून गप बसून जीव सोडला. असा बाप हाय का कुणाचा?"

"न्हाई, न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

आत्यानं डोळे पुसत माइक पंचशीलाच्या हाती दिला. "बोल माय. दोन शब्द तरी बोल बापावर."

भंतेजी वाट पाहत होते. पंचशीलानं अप्पांच्या फोटोकडे पाहिलं नाही. तिनं माइक तोंडाजवळ धरला. चिंताकी गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आवाज जाईल असा भोंगा होता.

"अप्पांनी दार वाजवलं होतं," ती म्हणाली. "दोन बार. मला ऐकू आलं होतं."