इरल्याखालचा हिरडा

मी हिरडा बोलतोय. म्हणजे हिरडा व्हायचा आहे अजून. सध्या गुडघ्याएवढं रोप आहे.

माझा जन्म तळेघरजवळच्या देवराईत झाला. तिथली फांदी कुणी तोडत नाही, त्यामुळे ऊन मला फक्त कवडशांपुरतं माहीत. सरकत आलेला कवडसा पानावर क्षणभर टेकायचा आणि निघून जायचा. तेवढ्यावर जगता येतं, वाढता येत नाही. शेजारची भावंडं एकेक करून पिवळी पडली, गेली. मी चार पानांवर अडकून राहिलो.

सारजाबाईच्या बांधावरचा म्हातारा हिरडा वादळात पडला, म्हणून ती रोप शोधत आली. देवराईतलं काही न्यायचं तर देवाला विचारावं लागतं. तिनं देवाच्या दगडाला तांदूळ चिकटवून कौल लावला. उजवा दाणा आधी पडला, म्हणजे देवाचा होकार मिळाला, तेव्हाच तिनं माझ्या मुळाशी हात घातला.

बांधावर आलो नि वाटलं, आता आभाळ गाठणार! पण पावसानं उघडीप दिली आणि त्या उन्हात माझी पानं कडेनं करपली. घोटाघोटानं पिणाऱ्याला कुणी डोहात ढकलावं, तसं झालं.

"देवाचं आणलंस, भोग आता," तिचा नवरा यमाजी म्हणाला.

"देवानं दिलं म्हणून आणलं. त्याला ऊन बाधलंय, देव न्हाई."

हल्ली भातलावणीला सगळे प्लास्टिकचा कागद पांघरतात. तिचं बांबू-पानांचं जुनं इरलं माळ्यावर पडून होतं. ते तिनं काठ्यांवर माझ्या डोक्यावर उभं केलं.

"उद्या गॉगल घालशील त्याला!" यमाजी हसला.

पण आत पुन्हा देवराईसारखाच अंधार. मी फिकट, लांबुडका होऊन फटीकडे कलू लागलो.

"आरं, वाकडा व्हतोस की!" म्हणत तिनं इरल्याची मूठभर पानं उपसली. काही दिवसांनी आणखी थोडी. उजेड बेताबेतानं आला आणि मला नवं पान फुटलं. लहानसं, पण जाड.

"या वयात याचं फळ आपल्याला दिसंल व्हय?" यमाजीनं विचारलं.

"न्हाई."

"मग येवढी धडपड कशापायी?"

"त्यो मोकळा बांध बघवत न्हाई मला."

कापणीच्या वेळी तिनं उरलेला सांगाडाही काढून नेला. आता ऊन भरपूर आहे, सोबत कुणाचीच नाही. वारा येतो, पण माझ्याशी घासायला दुसरं पान नसतं. भाताची कापणी झाल्यापासून इकडे कुणी फिरकतही नाही.

तुम्ही भीमाशंकरला जाताना या वाटेनं आलात, तर माझ्याकडे सावली मागू नका. ती अजून माझ्यापाशी नाही. दुपारी घटकाभर शेजारी उभे राहा. तुमची सावली पडेल माझ्यावर.