कुशाबाच्या साहेबाची हॅट

मी साहेबाची हॅट बोलतेय. हसू नका! विलायत मी पाहिलेली नाही. मूळची मी उमरठच्या चंद्रभागाबाईंची भाकरीची टोपली. १९९१च्या जत्रेत गावच्या नाटकाला इंग्रज साहेब हवा होता. डोळे घारे म्हणून बाईंच्या नवऱ्याला, कुशाबाला, उभा केला. हॅट कुठून आणायची? बाईंनी मला पालथी घातली, वर जुन्या खाकी विजारीचं कापड शिवलं, पुठ्ठ्याची कड लावली. झाले मी विलायती!

आठ वर्षं कुशाबा दर जत्रेला साहेब झाला. तोंडावर सफेदा इतका थापायचे की आत कोण आहे ते कळू नये. पण नांगर धरलेला असला तरी लोक म्हणायचे, "साहेब, रामराम!" मग माझा तोरा काय विचारता!

पुढे पोलादपूरला टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं. त्यांचा साहेब तापाने फणफणला आणि माझ्यासकट कुशाबाला बोलावणं आलं. त्याने वरंधला दिलेल्या लेकीला, मंजुळाला, निरोप धाडला, "टीव्ही बघायला ये गो. या वक्ताला सफेदा नाय. तुझ्या बापाचं तोंड दिसंल."

तंबूतून रुबाबात बाहेर यायचं, एवढंच काम. पण आमच्याकडे नट रंगमंचाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. कुशाबा बाहेर आला की वाकायचा आणि मी धुळीत! पाच वेळा तेच.

"अहो, साहेब कधी जमिनीच्या पाया पडतो का?" दिग्दर्शक वैतागले. "आता शेवटचं. नाहीतर दुसरा माणूस घेतो."

कुशाबा रडकुंडीला आला आणि डबा घेऊन आलेल्या चंद्रभागाबाईंना म्हणाला, "नमस्कार केल्याबिगर पायच उचलत नाय गो."

बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मंग हिलाच करा की! समदी भुई हिलाच तर लागलीय."

सहाव्या वेळी कुशाबाने मला काढलं, कपाळाला टेकवलं आणि ऐटीत पाऊल टाकलं.

"वा! काय साहेबी अदब!" दिग्दर्शक खूश.

मालिका लागली त्या दिवशी मंजुळा माहेरी आली. सगळी वाडी एका टीव्हीपुढे. तंबूचा पडदा हलला, साहेब बाहेर आला आणि पडद्यावर अख्खी मीच! कुशाबाचं तोंड माझ्याआड. मी खाली येते न येते तोच दृश्य बदललं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुशाबा मान खाली घालून बसला. तेवढ्यात मंजुळाने टाळी पिटली, "ह्यो माझाच बा! असा नमस्कार दुसऱ्या कुणाचा हाय का?" वाडी खो खो हसली. कुशाबाही हसला, पण डोळे पुसून.

आता २००६ साल. माझी कड विरलीय, खुंटीवर असते. कधी ती मालिका पुन्हा लागली, तर बाबांनो, माझं कौतुक करू नका. माझ्यामागे एक घाऱ्या डोळ्यांचा माणूस आहे. त्याचं नाव कुशाबा.