सातवी वाटी

चैत्राची कोवळी, केशरकिरणी सकाळ गडहिंग्लजच्या माळावर उतरली, तेव्हा मसाल्याच्या कारखान्याची गच्ची आधीच लालेलाल झाली होती. मिरच्याच मिरच्या. रविरंजित, रक्तवर्ण, उन्हाचा कढ अंगात मुरवत पहुडलेल्या. वारा फिरला की त्यांचा उग्र परिमळ जिना उतरून खाली येई, आणि खाली शालन देसाई त्याला नावानिशी ओळखत असे.

अठरा वर्षं ओळखत होती. मिरची कुठल्या मातीतली, कुठल्या तोड्याची, कोठारात किती महिने निजलेली, सारं ती एका श्वासावर सांगे. पण मिश्रण-विभागाच्या प्रमुखाची खुर्ची पुरुषाची. एक निवृत्त झाला की दुसरा येई, आणि शालन त्यालाही शिकवी.

यंदा मालकीण वहिनीसाहेबांनी ठरवलं, खुर्चीवर बाई बसेल. शालनच्या उरात पालवी फुटली. मग नाव आलं ते ऋतुजा नाईकचं. सत्तावीस वर्षांची, पदवीधर, पुण्याला नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आलेली. आणि नाक? नाक शालननंच घडवलेलं.

तेव्हापासून जळत होती ती. ऋतुजा हसली की जळे, ऋतुजा गप्प बसली की जळे, कुणी तिला मॅडम म्हटलं की अधिकच जळे. ओल्या लाकडासारखा धुमसता मत्सर. ज्वाळा नाही, नुसता धूर.

आज परीक्षा होती. सात वाट्या, सात मिरच्यांची पूड. वासावरून सातही नावं सांगायची. एखादी अडली, तर आपल्या विभागातल्या एकाला एकदाच विचारायची मुभा. सातही जुळली तर खुर्ची ऋतुजाची. नाहीतर बेळगावचे एक अनुभवी गृहस्थ येऊन बसलेच होते.

शालननं पहाटे अंगणातला मोगरा खुडला, स्वतः गजरा ओवला. मिश्रणाच्या दिवशी केसांत फूल माळायचं नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम. तिनंच ऋतुजाला शिकवलेला. पण शिकवणारीच्या हातचा गजरा पोर नाकारणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"इकडे ये गं," ती म्हणाली. "आज मानाचा दिवस. बोडक्या वेणीनं जाऊ नकोस."

ऋतुजानं मान वाकवली. शुभ्र, शीतल, सुगंधसघन गजरा काळ्याभोर वेणीवर स्थिरावला. दोघी परीक्षेच्या खोलीच्या दारापर्यंत चालल्या. तिथं थांबून ऋतुजानं तो अलगद सोडला आणि शालनच्या ओंजळीत ठेवला.

"नियम आठवत होता, ताई. पण पाच वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही माझ्या केसांना हात लावलात. म्हटलं, दारापर्यंत तरी असू दे. मी येईस्तोवर सांभाळा."

दार लागलं. शालनला लाज वाटली, पण त्या लाजेनंही मत्सर विझला नाही. आतून नावं ऐकू येत होती. ब्याडगी. संकेश्वरी. लवंगी. गुंटूर. प्रत्येक बरोबर नावासरशी तिची मूठ आवळे, आणि मुठीत कळ्या चुरगळत जात. पाच झाली. सहा झाली. मग शांतता, लांबच लांब शांतता. गजरा गेला तरी त्याचा गंध वेणीत उरला होता, हे शालनला कळलं. ती सुखावली. खरंच सुखावली.

दार उघडलं.

"सातवी मला सांगता येत नाही," ऋतुजा आतल्या सगळ्यांना सांगत होती. "आमच्या शालनताईंना येईल. मला जे येतं, ते त्यांचंच आहे."

वहिनीसाहेब उठून उभ्या राहिल्या. "या, शालनताई." साऱ्यांनी बाजूला सरून वाट दिली. अठरा वर्षं ज्या हाकेसाठी तिचे कान तहानले होते, ती हीच. शालनचं मन क्षणात फिरलं. आता नाव सांगायचंच होतं तिला. ऋतुजासाठी, आणि त्याहून अधिक स्वतःसाठी.

तिनं सातवी वाटी उचलली. डोळे मिटले. श्वास घेतला.

मिरची आली नाही.

पुन्हा घेतला. खोल, अधिक खोल. समोर ऋतुजा निःशंक विश्वासानं पाहत होती, बेळगावचे गृहस्थ खुर्चीत सावरून बसत होते. आणि तिच्या बोटांतून, तळव्यांतून, नखांच्या कडांतून, शुभ्र, शीतल, निर्दय, दरवळत होता मोगरा, नुसता मोगरा.