भगवानरावांच्या मेंदूतली खूण

मी आरएनएवरची एक खूण बोलतेय. मुक्काम भगवानरावांचा मेंदू, अमडापूर, तालुका चिखली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली, पण माझी दखल अजून ना सरकारनं घेतली, ना शास्त्रज्ञांनी.

पेशीच्या पोटात एक मूळ पोथी असते. ती जागची हलत नाही. तिची नक्कल घेऊन जो धागा धावतो, तो आरएनए. त्याच्या कपाळावर मी टिकलीसारखी बसते. मला पाहून आतल्या कारागिरांना समजतं, हा निरोप आधी वाचायचा, तो टाकून द्यायचा. निरोप वेळेवर वाचले गेले तर आठवण पक्की होते. एवढं राबायचं आम्ही आणि माणूस म्हणणार, "माझं डोकं चालतं."

आमचं कुणी नाव घेत नाही. पण नाव घेण्याचं इथं वावडंच आहे. भगवानरावांनी लग्नापासून बायकोला नावानं हाक मारलेली नाही. "अवं, आयकलं का?" एवढ्यावर संसार झाला.

वय झालं तशा आम्ही खुणा गळू लागलो. काही नको तिथं जाऊन बसल्या. भगवानराव जेवून उठायचे आणि पुन्हा ताट मागायचे. मुलगा हिंमतराव म्हणाला, ऊन लागलं. सून गीताबाई म्हणाली, नजर लागली. शेजारच्या सत्यभामाबाईंनी करणी ठरवली. माझ्यावर कुणाचा साधा संशयही गेला नाही, याचा मला रागच आला.

भगवानरावांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, मात्र कळलं होतं.

"त्याईले एकटं शेगावले धाडू नको," त्या हिंमतरावाला म्हणाल्या. "ते मले वळखून नाही राह्यले."

भगवानराव दर गुरुवारी शेगावला दर्शनाला एकटे जात. बाप अजून खणखणीत आहे, हे गावाला दिसायला नको का? म्हणून आईची शंका खोटी ठरवायला हिंमतरावानं चिखलीहून डॉक्टर आणला.

"बाबा, बायकोचं नाव काय?" डॉक्टरनं विचारलं.

भगवानरावांनी मान खाली घातली. त्या निरोपावरून मी केव्हाच गळाले होते.

ओसरीवर हशा पिकला. "या वयातबी लाजते बा!" हिंमतराव म्हणाला. डॉक्टरही हसला, स्मरण उत्तम म्हणाला, चहा पिऊन गेला.

"ते लाजले नाही," दाराआडून मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याईले आठोतच नाही." म्हातारीला नवऱ्याच्या तोंडून नाव ऐकायची हौस आली, असं सगळ्यांनी धरलं.

गुरुवारी भगवानराव एसटीनं गेले. संध्याकाळची गाडी त्यांना न घेताच परतली. मायलेकांना ते दुसऱ्या दिवशी शेगाव स्टेशनच्या बाकावर सापडले. घरी कोण, बायकोचं नाव काय, असं तिथल्या लोकांनीही त्यांना विचारलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि लोक कौतुकानं हसून आपापल्या गाडीला गेले.

मनकर्णाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. कधी न केलेली गोष्ट त्यांनी चारचौघांत केली.

"तुमी भगवानराव. मी मनकर्णा."

हिंमतराव शरमेनं दुसरीकडे पाहू लागला. आईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

आता त्या रोज सकाळी हेच सांगतात. गाव म्हणतं, म्हातारपणी बाई बिघडली. शास्त्रज्ञहो, मला शोधायला याल तेव्हा या, पण जरा लवकर या. मला त्या एका नावावर पुन्हा बसायचं आहे.

आज सकाळीही भगवानरावांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मनकर्णा," ते म्हणाले. "चांगलं नाव हाय. कोनाची वं तू?"